दोन फळांचा कोको

आपल्याला सवत आहे आणि ती काचेच्या घरात राहते, असं शिवणकाकू गिऱ्हाइकांना बेधडक सांगत. नवीन गिऱ्हाईक दचकायचं, जुनं हसायचं. जुन्यांना ठाऊक होतं, की काकूंचे यजमान वनस्पती-उद्यानात माळी आहेत, तिथलं काचघर गेली एकतीस वर्षं त्यांच्याच ताब्यात आहे आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यातल्या कोकोच्या झाडाला ते तळहाताच्या फोडासारखं जपतात.

माळीकाका मुळातच कमी बोलणारे. बाहेरच्या गारठ्यातून काचघरात शिरलं की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरायची आणि ती पुसायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही, म्हणून बागेतले सोबती त्यांना ‘धुकं’ म्हणत. घरी आल्यावर जेवताना ते एखादं वाक्य बोलले तर तेही झाडाचं. आज शंभर फुलं आली. दुसऱ्या दिवशी विचारावं, तर सगळी गळाली. अठरा वर्षं झाड फुलत होतं आणि अठरा वर्षांत त्याला एक फळ म्हणून धरलं नव्हतं. काकू ‘बरं’ म्हणायच्या आणि ताटात भाजी वाढायच्या. मनात म्हणायच्या, या माणसाचा सगळा जीव त्या लाकडात अडकलाय, आपल्या वाट्याला नुसते चिखलाचे बूट.

काकूंचं स्वतःचं काम काही कमी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन. कमरेत सैल करणं, बाह्या कमी करणं, चेन बदलणं हे तर रोजचंच, पण त्यांचं नाव होतं ते रफूसाठी. कोटाला सिगारेटचं भोक पडलेलं असो की लोकरीला कसर लागलेली असो, काकू त्याच कापडाच्या शिवणीतून धागे काढायच्या, भिंगाखाली एकेक धागा खालीवर ओवायच्या आणि भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता. दिवसभर मान मोडून काम केल्यावर पाच वाजता त्या मशीनवर कापड टाकायच्या, दूध तापवायच्या आणि त्यात डब्यातला कोको घालून कपभर प्यायच्या. एवढी एकच चैन.

त्या चैनीवरच गदा आली. दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, की रक्तातली साखर काठावर आली आहे, आता हात आखडता घ्यायला हवा. काकूंनी बिस्किटं सोडली, मुरंबा सोडला. कोकोवर मात्र अडून बसल्या. तो पौष्टिक असतो, त्यात कसली आलीये साखर, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. डब्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते एकदा वाचा, एवढंच म्हणाले.

घरी येऊन काकूंनी डबा रफूच्या भिंगाखाली धरला. पहिलंच नाव साखरेचं. दुसरं कसल्याशा पिठाचं. कोको तिसऱ्या जागी, आणि त्यानंतर अशी काही नावं, की जीभ वळेना. वीस वर्षं आपण काय पीत होतो, या विचारानं त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. रात्री जेवताना त्यांनी डबा काकांच्या ताटाशेजारी आपटला आणि मनसोक्त बडबडल्या. काकांनी डबा फिरवून फिरवून वाचला, खाली ठेवला आणि जेवायला लागले. या माणसाला सांगून उपयोग काय, असं म्हणून काकूंनी तो विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना काका म्हणाले, “आपल्या झाडाचा करू.”

काकूंना आधी कळेचना. कळलं तेव्हा हसूच आलं. ज्या झाडानं अठरा वर्षांत एक बी दिली नाही, त्याचा कोको कसा करणार, असं त्यांनी विचारलं. आणि मग, लग्नाला चौतीस वर्षं होऊन गेल्यावर, त्यांचा नवरा सलग पाव तास बोलला.

ते म्हणाले, हे झाड मोठं मानी आहे. स्वतःचे परागकण स्वतःला लागू देत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचे लागतात. त्याच्या मुलखात हे काम टाचणीच्या डोक्याएवढं चिलट करतं. ते चिलट इथे नाही आणि दुसरं झाडही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी एका दूरच्या बागेनं पोस्टानं पाच बिया पाठवल्या होत्या, त्यातली एकच रुजली. ते रोप वाढायला आणि पुरतं फुलायला इतकी वर्षं लागली. यंदा पहिल्यांदाच दोन्ही झाडं एका वेळी फुललीत.

“मग अडलंय कुठे?” काकूंनी विचारलं.

काकांनी चमचा उचलून बशीवर धरला. चमचा बशीवर टकटक वाजायला लागला. ते काही मुद्दाम वाजवत नव्हते. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. गेली दोन वर्षं काका कप दोन्ही हातांनी धरून चहा पीत होते, आणि काकूंना वाटत होतं, की स्वारीचे हात गारठतात म्हणून.

“सहा दिवस करून पाहिलं,” काका म्हणाले. “चिमटा पोचेपर्यंत फूल तुटून जातं.” मग जरा थांबून म्हणाले, “तुझा हात लागेल.”

काकूंनी त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. झाडाचं नंतर, आधी हे, अशी त्यांची अट होती. डॉक्टरांनी चालवून पाहिलं, लिहायला लावलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं, की वयानुसार काहींना असा कंप होतो, जिवाला धोका नाही, गोळीनं थोडा कमी होईल पण पुरता जाणार नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षं का लपवलंत, असं त्यांनी वाटेत विचारलं. काका म्हणाले, काचघर दुसऱ्याच्या हातात देतील अशी भीती वाटली. काकूंनी रस्ता ओलांडताना त्यांचा तो हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

पुढच्या सोमवारी भिंग, रफूचा चिमटा आणि रंगीत दोऱ्यांची डबी घेऊन काकू काचघरात गेल्या. मुलगी लहान असताना एकदा आल्या होत्या, त्यानंतर आजच. आत शिरताच ऊबदार ओली हवा अंगाला चिकटली. पाइपांतून गरम पाणी खळखळत होतं, केळीची पानं छपराला टेकली होती. कोपऱ्यात ते झाड उभं होतं, म्हणजे त्यांची सवत. पाहून त्या थोड्या हिरमुसल्याच. साधं, काळपट खोडाचं, लोंबत्या पानांचं झाड. फुलं कुठे दिसेनात. फांद्यांकडे काय बघतेस, असं म्हणत काकांनी त्यांना खोडाशी वाकायला लावलं.

फुलं थेट खोडातून उगवली होती. डहाळी नाही, पान नाही, जुन्या खडबडीत सालीतूनच केसासारखा देठ निघालेला आणि त्यावर नखाएवढी पांढरी-गुलाबी चांदणी. काकूंनी भिंग लावलं. पाच पाकळ्या, प्रत्येकीला बुडाशी टोपी, टोपीवर आतून किरमिजी रेघा ओढलेल्या, टोपीच्या पुढे चमच्यासारखी पिवळी जीभ. मधोमध पाच जांभळे काटे पहारेकऱ्यांसारखे उभे आणि त्यांच्या आड लपलेली एक नाजूक दांडी. चाळीस वर्षं त्या चुण्या, कॉलर, झालरी शिवत आल्या होत्या, पण इतक्या छोट्या जागेत इतकं काम त्यांनी पाहिलं नव्हतं. अशी शंभर फुलं या झाडावर एका दिवसात उमलतात आणि कुणी न पाहता दुसऱ्या दिवशी गळून जातात. ‘आज शंभर फुलं आली’ असं हा माणूस सांगायचा तेव्हा काय सांगत होता, ते त्यांना आता कळलं. त्या बराच वेळ नुसत्या वाकून बघत राहिल्या. काका शेजारी उभे होते, चष्म्यावर वाफ धरलेली. त्यांनी घाई केली नाही.

मग काकांनी काम समजावलं. एका झाडाचं फूल खुडायचं, त्याच्या टोपीत लपलेला पुंकेसर चिमट्यानं बाहेर काढायचा. दुसऱ्या झाडाच्या फुलाचे एकदोन काटे हलकेच मोडून वाट करायची आणि पुंकेसर त्या मधल्या दांडीवर फिरवायचा. जोर लागला की फूल संपलं. पहिल्या सकाळी काकूंच्या हातून अकरा फुलं तुटली आणि दोनच साधली. दुसऱ्या सकाळी पाच साधली. तिसऱ्या दिवसापासून हात बसला. काका फूल दाखवायचे, काकू श्वास रोखून चिमटा लावायच्या आणि झालेल्या फुलाच्या खाली सालीला टाचणीनं लाल दोरा अडकवायच्या. बागेच्या संचालकबाईंची परवानगी काकांनी आधीच घेतली होती. त्या एकदा पाहायला आल्या आणि मागे अर्धा तास चुळबूळ न करता उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, की फळ धरलं तर एक बागेला बियांसाठी द्या, बाकीची तुमची.

दहा दिवसांत चौसष्ट फुलं झाली. त्यातली बहुतेक इतरांसारखीच गळाली. दोऱ्याशी रिकामी साल दिसली की काकूंना उसवल्यासारखं वाटायचं. पण नऊ फुलं टिकली. पाकळ्या झडल्या आणि आतली हिरवी गाठ फुगायला लागली. काकूंनी गिऱ्हाइकांना नऊ फळांची बातमी सांगूनही टाकली आणि पुढच्याच पंधरवड्यात त्यातली सहा काळी पडून वाळली. त्यांना रडूच कोसळलं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्या पुन्हा पुन्हा विचारायला लागल्या. काका म्हणाले, “तुझं नाही चुकलं. किती पोसता येतील ते झाडच ठरवतं. उरलेल्यांसाठी ते बाकीची सोडून देतं.”

तीन उरली. काकू दर सोमवारी जाऊन बघायच्या. बोटाएवढी होती ती मुठीएवढी झाली, मग वीतभर. खोडाला कुणीतरी खुंटी ठोकून टांगून ठेवावीत तशी ती दिसायची, दहा खोल चुण्यांची, खरबरीत. साडेपाच महिन्यांनी हिरव्याची पिवळी झाली. काकांनी एकावर टिचकी मारली, आतून किंचित पोकळ आवाज आला. “झालं,” ते म्हणाले. त्यांनी कात्री काकूंच्या हातात दिली.

एक फळ संचालकबाईंच्या टेबलावर गेलं. दोन काकूंच्या पिशवीतून तिसऱ्या मजल्यावर आली. त्यांनी कापायच्या टेबलावरची कापडं बाजूला सारली आणि काकांनी जाड साल फोडली. आत पांढऱ्याशुभ्र गराचं कणीस. काकूंनी एक बी तोंडात घातली. गर आंबटगोड, रसाळ, पण त्यात कोकोचा मागमूस नाही. बी चावली तर आत जांभळी आणि कडू जहर. त्यांनी काकांकडे संशयानं पाहिलं. यातून कोको निघतो हे त्यांना कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

बिया सत्तर निघाल्या. काकांकडे त्या दूरच्या बागेचं जुनं पत्र होतं, त्यात पुढची कृती होती. काचघरातल्या केळीचं पान रुंद तोंडाच्या थर्मासला आतून लावलं, त्यात गरासकट बिया भरल्या आणि थर्मास गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून घोंगडीत गुंडाळला. काकूंनी पाळणाघर उघडल्यासारखी पाण्याची पिशवी सकाळ-संध्याकाळ बदलली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर पिकल्या फळांचा वास. तिसऱ्या दिवशी दारूचा. चौथ्या दिवशी शिरक्याचा असा आंबट वास भपकला, की कोट घ्यायला आलेल्या वकिलांनी नाक मुरडून खिडकी उघडायला लावली. सगळं नासलं, असं काकूंना वाटलं. काकांनी थर्मासला हात लावून पाहायला सांगितलं. बिया स्वतःच तापल्या होत्या, पिशवीपेक्षाही गरम. काकूंनी हात तसाच धरून ठेवला. झाडावरून तोडलेली, साल काढलेली ती बी, अजून आत काहीतरी घडवत होती.

सहाव्या दिवशी एक बी कापली. जांभळा रंग जाऊन आत तपकिरी झाली होती, मेंदूसारख्या भेगा पडलेली. आठवडाभर त्या मशीनशेजारच्या खिडकीत मलमलीवर वाळत पडल्या. काकू दोन शिवणींच्या मध्ये त्यांना हलवायच्या.

मग एका रविवारी दुपारी जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर त्या भाजायला घेतल्या. काकूंनी उलथनं धरलं, काका घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं नुसता आंबूस वास. दहाव्या मिनिटाला एक बी तडकली, मग दुसरी. आणि एकदम, कुणी दार उघडून आत यावं तसा, तो वास आला. काकूंचं उलथनं थांबलं. वीस वर्षं डब्यातून जो वास हुंगला तो याची फक्त सावली होता. हा वास जिवंत होता, त्यात भाजल्या पावाची कड होती, ओल्या लाकडाचं काहीतरी होतं, फळाचा आंबटपणा कुठेतरी तळाशी होता. तो स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत गेला, टांगलेल्या कोटांत शिरला. खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून आल्या आणि काय चाललंय म्हणून विचारून गेल्या. नंतर आठवडाभर काकूंचं एकेक गिऱ्हाईक कपडे नाकाशी धरायचं.

थंड झाल्यावर साली कागदासारख्या सुटल्या. काकूंनी ताट हलवत फुंकर मारून टरफलं उडवली. उरले ते तुकडे दगडी खलात घातले. काकांच्या हातात बत्ता दिला. कापणारा हात तिथे काही बिघडवत नव्हता. अर्धा तास नुसतीच कोरडी भरड. काकू म्हणाल्या, थोडं दूध घालूया का, नाहीतर जमायचं नाही. काकांनी मान हलवली, खल गरम पाण्याच्या पातेल्यात बसवला आणि कुटत राहिले.

आणि मग भरड ओली झाली. कुणी थेंबभरही काही घातलं नव्हतं. कडेनं ती चमकायला लागली, बत्त्याला चिकटली, आणि काही मिनिटांत त्या कोरड्या तुकड्यांची काळीभोर, तुळतुळीत, वाहती पेस्ट झाली. बियांच्या आतलंच तेल सुटलं होतं. ते काकांनी वाचलं होतं, पण डोळ्यांनी त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं. दोघंही खलावर वाकले. त्या काळ्या तळ्यात खिडकी दिसत होती.

“अहो,” काकू हळूच म्हणाल्या, “हे सगळं त्या एवढ्याशा फुलात होतं?”

 काकांनी चष्मा काढून पुसला.

पाच वाजता दूध तापवलं. दोन कपांना मिळून एक खजूर, बी काढून भिजवून कुसकरलेला, दालचिनीचा छोटा तुकडा, चिमटीच्या टोकावर मावेल इतकं मीठ. पेस्ट दोन चमचे, आधी थोड्या दुधात घोटून मग सगळ्यात. काकूंनी ते रवीनं फेसाळेपर्यंत घुसळलं आणि दोन कप मशीनवर आणून ठेवले. पहिला घोट कडसर लागला, इतका, की कपाळाला आठी पडली. मग त्यामागून दुधाची साय, मग खजुराचा अगदी पुसट गोडवा, आणि घोट उतरून गेल्यावर जिभेवर त्या पांढऱ्या गराची आंबट आठवण. चव एकदा येऊन संपत नव्हती, पुन्हा पुन्हा बदलून येत होती.  काकांनी आपला कप दोन्ही हातांनी धरला होता. एका घोटानंतर म्हणाले, “थोडा जास्त भाजला गेला.” काकूंनी ते ऐकूनही सोडून दिलं.

चार कपांची पेस्ट झाली होती. उरलेले दोन कप त्यांनी पुढच्या रविवारी मुलगी आली तेव्हा तिघांत वाटून प्यायले. मुलीनं विचारलं, की आई, एवढे सात महिने घालवून दोन कप प्यायलात, त्यापेक्षा बिनसाखरेची पूड बाजारात मिळते की. मिळते, काकूंनी मान्य केलं, आणि रोजच्यासाठी त्यांनी ती आणलीही होती. तीच दुधात, अर्ध्या खजुराबरोबर. पुढच्या तपासणीत साखर काठावरून थोडी खाली आली, डॉक्टर खूश झाले. पण मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर वेगळं होतं. काकूंनी तिला सोमवारी काचघरात नेलं, खोडाशी वाकायला लावलं आणि हातात भिंग दिलं. मुलगी वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

काका दोन वर्षांनी निवृत्त झाले, पण सोमवारी जायचे ते जातातच. संचालकबाईंनी काकूंचं नाव बागेच्या नोंदवहीत घातलं आहे, त्यांच्या नावापुढे काम काय म्हणून लिहावं ते कुणाला सुचेना, तेव्हा काकूंनीच ‘रफू’ असं लिहायला लावलं. कंप वाढलेला नाही, गेलेलाही नाही. यंदा दीडशेच्या वर फुलं साधली आणि दोन्ही झाडांवर मिळून चौदा फळं आहेत. काका बोट रोखून फूल दाखवतात, बोट हलत असतं, त्यामुळे नेमकं कोणतं फूल ते कळत नाही. काकू त्यांचं मनगट धरून बोट स्थिर करतात, मग चिमटा उचलतात. गिऱ्हाइकांना सवतीची गोष्ट अजूनही सांगतात, पण हल्ली तिची मापंही सांगतात, आणि आज किती फुलं आली तेही.